स्कोप झीरो होत नसेल तर आधी नॉबवरून हात काढा

देवगड तालुक्यातल्या एका तरुणाचा एअरगनवरच्या स्कोपबद्दल, म्हणजे नेम धरायच्या दुर्बिणीबद्दल, प्रश्न आहे. ती झीरो करणं म्हणजे नेम धराल तिथेच छर्रा लागेल अशी नॉबने जुळवणं. थोडक्यात असा:

"काका, घरच्या कलमांच्या बागेत कागदावर नेम मारायला स्प्रिंगची, नळी मोडून भरायची पॉइंट वन सेव्हन सेव्हन एअरगन घेतली. तिच्यावर ३ ते ९ पट आणि ४० मिलिमीटर काचेचा स्कोप बसवला. १० मीटरवर छर्रे मध्यापासून १० सेंटीमीटर खाली आणि तीनेक सेंटीमीटर डावीकडे लागतात. वरचा नॉब फिरवत गेलो तो शेवटी अडकला, तरी बोटभर खालीच. बाजूच्या नॉबने संध्याकाळी जमवलं की सकाळी परत भलतीकडे. चार दिवसांत डबी संपली. स्कोप खराब आहे का? परत पाठवू का?"

काका म्हणालात, म्हणून हक्काने सांगतो: आज परत पाठवू नका. फौजेत मी आर्मरर होतो, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा. निवृत्तीनंतर गुहागरकडच्या घरी पडवीतच बाक टाकलाय आणि आसपासच्या मुलांच्या एअरगन तिथे येतात. "स्कोप गेला" म्हणून आणलेल्या बंदुकांपैकी बहुतेकींचा स्कोप चांगला निघतो. बिघाड असतो तो स्कोपच्या खाली, मागे किंवा धरणाऱ्याच्या हातात.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी एकात मिसळल्यात. छर्रे खाली लागतात आणि नॉब संपतो, ही ठरलेली चूक. ती रोज तेवढीच राहते, म्हणजे ती मापाची आहे आणि मापानेच सुटेल. संध्याकाळचं सकाळी टिकत नाही, ही फिरती चूक. म्हणजे कुठेतरी काहीतरी हलतंय. हलणारी वस्तू सापडेपर्यंत नॉब फिरवणं म्हणजे डोलणाऱ्या होडीत बसून ओळंबा लावणं. म्हणून आधी फिरती चूक शोधायची, ठरलेली मग.

बंदूक हातात घेण्याआधी एक विचारतो. छर्रे कशावर मारताय? आपल्याकडे अंगणाच्या टोकाला चिऱ्याचा गडगा असतो आणि पोरं कागद त्यालाच चिकटवतात. जांभा दिसायला मऊ, पण त्याचा कडक खडा लागला तर १० मीटरवरून शिशाचा छर्रा सरळ तोंडावर परत येतो. एका मुलाच्या भुवईवर तसा व्रण मी पाहिलाय. लाकडी खोक्यात गच्च वाळू भरा, समोर जुन्या गोणपाटाच्या दोन घड्या लावा आणि कागद त्यावर टाचा. नुसती नारळाची सोडणं रचून भागत नाही, फटीतून छर्रा पार जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच. खोक्याच्या मागे माणसाची, गुरांची वाट नको.

दुसरं, बाग म्हटली की माकडं आली. तुम्ही कागदावर नेम मारायला म्हणालात, ते तसंच राहू द्या. ४.५ मिलिमीटर, म्हणजे तुमच्या पॉइंट वन सेव्हन सेव्हन, आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही, पण म्हणून तिने कशावरही नेम धरायची मोकळीक मिळत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि एअरगनने केलेली शिकार ही शिकारच. शिवाय या छऱ्याने मोठं जनावर मरत नाही, कुजत फिरतं. ते पाहवत नाही.

आता कामाला लागू. दोन्ही नॉब सध्या आहेत तिथेच सोडा आणि हात लावू नका. मध्यावर पेन्सिलीने एक ठिपका काढा. त्याच ठिपक्यावर नेम धरून पाच छर्रे मारा. कुठे लागतात याकडे बघू नका, एकमेकांपासून किती लांब लागतात तेवढं बघा. १० मीटरवर टेकू देऊन मारलेले पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, तर बंदूक आणि हात दोन्ही ठीक. कागदावर तांदूळ उधळल्यासारखे पसरले, तर झीरो करण्यासारखं तिथे काही नाहीच. पसरलेल्या पाच भोकांचा मध्य काढून नॉब फिरवलात, की पुढचे पाच आणखी तिसरीकडे जातात. तुमची डबी अशीच संपली असणार.

पसरण्याचं पहिलं कारण धरण्यात असतं. टेकू कशाचा घेतलात? स्प्रिंगच्या बंदुकीत छर्रा नळीत असतानाच आतला पिस्टन पुढे धावतो, त्याने बंदूक मागे सरकते. पिस्टन टोकाला आपटला की ती झटक्याने पुढे येते. दोन्ही हालचाली छर्रा नळीबाहेर पडायच्या आत सुरू झालेल्या असतात. म्हणून ही बंदूक जशी धराल तसा छर्रा जातो. गडग्यावर किंवा बाकाच्या कडेवर पुढचं लाकूड थेट टेकवलंत, तर ती त्या कठीण जागेवरून उसळते आणि छर्रा दर वेळी थोडा वेगळीकडे जातो. वाळूची पिशवी घ्या, पिशवीवर डाव्या हाताचा तळवा उताणा ठेवा आणि तळव्यावर बंदूक नुसती विसावू द्या. आवळू नका. खांद्याला दस्ता टेकवा, दाबू नका. गाल रोज लाकडाच्या एकाच जागी. पिशवीवर बोटभर पुढे-मागे ठेवली तरी ग्रुप, म्हणजे पाच भोकांचा पुंजका, सरकतो, म्हणून लाकडावर टेकूच्या जागी खडूची खूण करा. रायफल घट्ट धरायची हे फौजेत अंगवळणी पडलेलं, त्यामुळे मला हे जमायला बरेच दिवस लागले.

हाताचं नक्की झालं की दस्त्याचे स्क्रू. पुढच्या लाकडाला दोन्ही बाजूंनी एकेक आणि चापाच्या कडीजवळ एक-दोन असतात. आपल्याकडचं हवामान लाकडाला सुखाने बसू देत नाही. आषाढात ते पाणी पिऊन फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं, आणि तेव्हा हे स्क्रू आपोआप सैल पडतात. गणपतीत घट्ट केलेली बंदूक दिवाळीत सैल निघते, हे दर वर्षी बघतो. स्क्रूड्रायव्हर खाचेत पुरता बसणारा घ्या, नाहीतर खाच खाल्ली जाते. आणि दर डबीमागे एकदा हात लावून बघा.

मग नळीचा सांधा. स्कोप बसलाय मागच्या भागावर आणि छर्रा निघतो मोडणाऱ्या नळीतून. या दोघांमध्ये एक बिजागरी आहे, हे लोक विसरतात. बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, नळी नीट बंद करा, मांडीवर आडवी घ्या आणि नळीचं टोक डावी-उजवीकडे हळूच ढकला. केसभरसुद्धा खुळखुळलं, तर तुमचे डावीकडचे तीन सेंटीमीटर तिथून आले असू शकतात. बिजागरीचा बोल्ट बहुतेक बंदुकांत घट्ट करता येतो. बंद करतानाही रोज सारख्याच जोराने करा. हळुवार बंद केलेली नळी कधी कधी शेवटच्या टप्प्यात पूर्ण बसत नाही, आणि तो छर्रा हमखास वेगळा जातो.

आता माउंट, म्हणजे स्कोप बंदुकीला धरून ठेवणारा पाया आणि त्यावरच्या रिंगा. फिरती चूक बहुतेक वेळा इथेच सापडते, म्हणून इथे जरा थांबतो.

टोकदार पेन्सिल घ्या. बंदुकीच्या वरच्या खोबणीत, मागच्या रिंगच्या पायाला अगदी लागून एक बारीक रेघ ओढा. दुसरी रेघ स्कोपच्या नळीवर, रिंगच्या कडेला लागून. दहा छर्रे मारा. मग भिंग घेऊन, नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठं करून, दोन्ही रेघा बघा. मागच्या महिन्यात शृंगारतळीकडच्या एका मुलाच्या बंदुकीवर असंच केलं. दहाव्या छऱ्यानंतर पाया आणि रेघ यांच्यामध्ये नखाच्या पापुद्र्याएवढी फट दिसली, आणि त्या फटीत काळ्या तेलाचा चकाकणारा पट्टा. माउंट मागे सरकत होतं. तो तीन आठवडे नॉब फिरवत होता आणि स्कोप बिचारा मागे मागे चालला होता.

पाया सरकत असेल तर स्टॉप पिन बघा. माउंटच्या पोटातून खाली येणारा हा एक लहान खिळा असतो. बंदुकीच्या वरच्या पृष्ठावर त्याच्यासाठी भोक असतं आणि तो त्यात उतरायला हवा. अनेक जण माउंट बसवताना तो वरच अडकवून ठेवतात. भोक नसेल तर माउंटच्या मागे लावायचा वेगळा अडसर मिळतो, तो घ्या. पाया जागेवर राहून स्कोपची नळीच रिंगमध्ये सरकत असेल, तर रिंग सैल आहे किंवा आत तेल आहे.

दोन्हीचा उपाय एकच: सगळं उतरवा. खोबणी, माउंटचे जबडे, रिंगच्या आतली बाजू आणि स्कोपची नळी सर्जिकल स्पिरिटने पुसा, फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत. पाया बसवून आधी त्याचे स्क्रू आवळा. मग स्कोप रिंगमध्ये ठेवून वरच्या कड्यांचे स्क्रू एकामागून एक, तिरप्या क्रमाने, पाव-पाव फेरा देत घ्या. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. किती आवळायचं? एलन कीची लांब बाजू स्क्रूत घाला, आखूड बाजू दोन बोटांत धरा आणि बोटं अडतील तिथे थांबा. आवळण्याचा जोर मोजणारा पाना असेल तर रिंगच्या स्क्रूला दोन न्यूटन मीटरच्या आत.

जास्त आवळणं सैल ठेवण्याइतकंच वाईट. माझ्या हातून एकदा झालंय. दुसऱ्याचा स्कोप, घाईत आखूड बाजू स्क्रूत आणि लांब बाजू मुठीत. कडं उतरवल्यावर स्कोपच्या नळीवर चंद्रकोरीएवढा दाब दिसला. बाहेरून काही नाही, पण नॉब टक टक वाजायचा आणि आतली तार, म्हणजे नेमाची फुली, जागची हलायची नाही. स्कोपच्या आत एक बारीक नळी एका बाजूने स्प्रिंगवर तोललेली असते, नॉब तिला ढकलतो. बाहेरची नळी दबली की आतली अडकते. तो स्कोप मी भरून दिला.

यानंतर एक गोष्ट विचारतो, ती कोकणाबाहेरच्या माणसाला सुचणार नाही. बंदुकीला तेल किती आणि कोणतं घालता? पावसात लोखंडावर दोन दिवसांत तांबूस बुरा चढतो, त्या धास्तीने लोक नळीत आणि मागच्या भोकात तेल ओततात, बरेचदा घरचं खोबरेल. ते तेल हवेच्या कोठडीत उतरलं की पिस्टनच्या दाबाने तापून पेट घेतं. मारताना वास येतो, तोंडाशी निळसर धूर दिसतो, आवाज फाटका होतो. त्या छऱ्याचा वेग भलताच वाढतो, पुढचा बिनतेलाचा छर्रा हळू जातो, आणि कागदावर उभी माळ दिसते. स्प्रिंगची आणि आतल्या सीलचीही वाट लागते. खोबरेल तर थंडीच्या पहाटे गोठतंही. बाहेरच्या लोखंडावर पातळ गनऑइलचा फडका पुरे, आणि कोठडीत काही ओतायचं नाही. आत्ता तेल गेलंच असेल तर नळीतून कोरड्या फडक्याचे तुकडे ओढा आणि वीसेक छर्रे नुसते मारून टाका.

छऱ्यांची डबीही उघडी ठेवू नका. खाऱ्या हवेत शिसं पांढरं पडतं, आणि तसे छर्रे नळीत सारखे बसत नाहीत. दोन-तीन वेगवेगळ्या बनावटीचे, वेगवेगळ्या वजनाचे छर्रे आणून पाच-पाच मारून बघा. एकाच बंदुकीत एका डबीचा ग्रुप दुसरीच्या निम्मा येताना मी पाहिलाय. मारून झाल्यावर हात साबणाने धुवा, शिसं पोटात जाता कामा नये.

इथपर्यंत सगळं जागेवर आलं आणि तरीही ग्रुप पसरला, तर स्कोपकडे वळायचं.

पहिली परीक्षा डोळ्याची. बंदूक वाळूच्या पिशव्यांमध्ये अशी रोवा की हात न लावता ती ठिपक्यावर बघत राहील. मग श्वास धरून डोळा मागच्या काचेसमोर वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. तार ठिपक्यावरून सरकते का? सरकत असेल तर पॅरलॅक्स, म्हणजे डोळा हलला की नेम सरकलेला दिसणं. बरेच स्कोप १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर अंतराला जुळवून येतात. ४० मिलिमीटरच्या काचेचा तसा स्कोप १० मीटरवर वापरलात, तर डोळा काचेच्या मध्यावरून कडेला गेल्यावर नेम दीड-पावणेदोन सेंटीमीटरपर्यंत चुकू शकतो, आणि बंदुकीत काहीच हललेलं नसतं. संध्याकाळी उभं राहून मारलं, सकाळी बसून, गाल वेगळा टेकला, संपलं. तुमच्या स्कोपच्या पुढच्या काचेच्या कड्यावर १०, १५, २५ असे आकडे असतील तर ते कडं फिरवून अंतर लावा. नसतील तर गाल रोज एकाच जागी टेकवणं एवढंच हातात आहे. पण त्याआधी स्कोप आभाळाच्या निळ्या भागाकडे धरून मागची काच तार ठळक दिसेपर्यंत फिरवून घ्या. सूर्याकडे कधीच नाही.

दुसरी परीक्षा नॉबची, आणि तिला छर्रे लागत नाहीत. बंदूक तशीच रोवलेली. २५ मीटरवर आलेखाचा कागद, स्कोप नऊ पटींवर. तुमच्या नॉबवर पाव मिनिट लिहिलेलं असणार. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० मीटरवर २९ मिलिमीटर. म्हणजे पाव मिनिटाचा एक क्लिक, नॉबची एक टक, २५ मीटरवर १.८ मिलिमीटर, आणि १० मीटरवर ०.७ मिलिमीटर. बाजूचा नॉब चाळीस क्लिक फिरवा. तार कागदावर सव्वासात सेंटीमीटर सरकली पाहिजे. चाळीस परत आणा, तार मूळ चौकटीत यायला हवी. वरच्या नॉबचंही तसंच. मग नॉबच्या डोक्यावर पेन्सिलीने दोनदा टकटक करा. टकटक केल्यावर तार उडी मारत असेल, चाळीसला तीनच सेंटीमीटर जात असेल, परत येत नसेल, हलवल्यावर आत काही खळखळत असेल किंवा तार कलंडलेली दिसत असेल, तर स्कोप खरंच गेलाय. आता पाठवा परत. नवा घेताना डब्यावर स्प्रिंगच्या एअरगनसाठी असं स्पष्ट लिहिलेलं बघा. बारूदाच्या रायफलीचा धक्का एकाच दिशेने येतो. त्या हिशेबाने बांधलेला महागडा स्कोपसुद्धा स्प्रिंगच्या दुहेरी झटक्याने आतून सुटतो.

आता ठरलेली चूक: १० सेंटीमीटर खाली आणि अडकलेला नॉब.

हिशेब मांडू. १० मीटरवर १० सेंटीमीटर म्हणजे जवळजवळ १३७ क्लिक. तुमच्यासारख्या स्कोपला एकूण ६० मिनिटांची हालचाल धरली, तर मध्यापासून वर निम्मी, म्हणजे १२० क्लिक मिळतात. सतरा क्लिक कमी पडले, ते १० मीटरवर सव्वा सेंटीमीटर होतात. तुम्ही लिहिलेलं "बोटभर" ते हेच. म्हणजे नॉब अडकला तो बिघडून नव्हे, संपून. आणि एक लक्षात घ्या: टोकाला गेल्यावर आतल्या नळीला सांभाळणाऱ्या स्प्रिंगचा दाब बिघडतो, त्यामुळे तिथे तार दर धक्क्याला थोडी भटकते. तुमच्या सकाळ-संध्याकाळच्या फरकातला काही भाग इथूनच येत असणार.

हे १० सेंटीमीटर आले कुठून? स्कोप नळीच्या साधारण साडेचार सेंटीमीटर वर बसतो, आणि १० मीटर जाईपर्यंत छर्रा सुमारे एक सेंटीमीटर पडतो. म्हणजे स्कोप आणि नळी अगदी समांतर असते तरी १० मीटरवर छर्रा पाच-साडेपाच सेंटीमीटर खालीच लागला असता. त्यात कुणाचा दोष नाही. उरलेले साडेचार-पाच सेंटीमीटर हे नळी झुकल्याचे. मोडून भरायच्या बंदुकीत बंद केलेली नळी मागच्या भागाच्या रेषेपेक्षा किंचित खाली बघते. उघड्या साइटवर, म्हणजे बिनदुर्बिणीच्या नेमावर, ते कळत नाही, कारण मागची साइट नळीवरच किंवा तिच्या हिशेबाने लावलेली असते. स्कोप लावला की उघडं पडतं.

म्हणून स्कोप पहिल्यांदा मध्यावर आणा. सोपी रीत आरशाची: स्कोप बंदुकीवरून काढा, सगळ्यात कमी पटींवर ठेवा, पुढची काच सपाट आरशाला टेकवा आणि बघा. एक तार आणि तिचं प्रतिबिंब अशा दोन तारा दिसतील. दोन्ही एकमेकींवर येईपर्यंत नॉब फिरवा. तो तुमच्या स्कोपचा खरा मध्य.

मग झुकाव माउंटने सोडवा. मागची रिंग उंच असलेलं, झुकलेल्या नळीसाठीचं माउंट मिळतं, तेच उत्तम. मिळेपर्यंत मागच्या रिंगमध्ये स्कोपच्या खाली पातळ पट्टी घाला. जुन्या एक्स-रे फिल्मची पट्टी साधारण ०.२ मिलिमीटर असते. दोन रिंगमध्ये १० सेंटीमीटर अंतर असेल तर एक पट्टी १० मीटरवर छर्रा दोन सेंटीमीटर वर आणते, २५ मीटरवर पाच. दोन पट्ट्या घाला, चार सेंटीमीटर तिथेच भरून निघतात आणि नॉबला मोकळा श्वास मिळतो. अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाऊ नका, स्कोपची नळी वाकते. डावीकडचे सेंटीमीटर सांधा घट्ट करूनही राहिले, तर पुढची रिंग मागे आणि मागची पुढे करून बघा, किंवा एखादी उलटी फिरवून. रिंगा घडवताना राहिलेला तिरपेपणा कधी कधी असा निघून जातो. पट्टी मात्र पुन्हा मागच्याच रिंगमध्ये गेली पाहिजे.

स्कोप आवळण्याआधी ओळंबा लावा. गवंड्याचा खरा ओळंबा वीस मीटरवर फांदीला टांगा, बंदूक पाणसळीने सपाट करा आणि उभी तार दोरीवर बसवा. स्कोप पाच अंश कलंडलेला असेल तर वरचे चाळीस क्लिक देताना छर्रा साडेतीन क्लिक बाजूलाही जातो, आणि मग माणूस दोन नॉबांमध्ये फिरत बसतो.

शेवटी झीरो. तो १० मीटरवर करू नका. बागेत २५ मीटर मोजा आणि तिथे करा. २५ ला जुळवलेली बंदूक १० मीटरवर अर्धा ते सव्वा सेंटीमीटर खाली लागेल. ते बरोबर आहे, छर्रा खालून वर चढत नेमाच्या रेषेला भेटतो. वेळ सकाळची, सात-साडेसातच्या आतली. जमिनीकडून येणारा मतलई वारा थांबलेला आणि समुद्राकडचा खारा वारा अजून सुटायचा असतो, तेव्हा माडाची झावळी स्तब्ध असते. दुपारी समुद्राकडून मंद वारा आला तरी २५ मीटरवर छर्रा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर सरकतो, आणि तुम्ही वाऱ्याचा झीरो लावून बसता. पाच छर्रे, मध्य काढा, ठिपक्यापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, १.८ ने भागा, तेवढे क्लिक द्या. मग पुन्हा पाच. एकेका छऱ्यामागे नॉब नको.

पावसाळ्यात स्कोप चामड्याच्या किंवा फोमच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरून काचेत बुरशीची जाळी पडते आणि ती घरी निघत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या दर पंधरा दिवसांनी वाळवा. काचेच्या आतल्या बाजूने धुकं दिसलं तर सील गेलं, तो स्कोप दुरुस्तीचाच.

आणि हे सगळं शाळा-कॉलेजच्या स्पर्धेसाठी चाललं असेल तर आत्ताच सांगतो, १० मीटर एअर रायफलमध्ये स्कोप चालत नाही. तिथे पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून धरायचा नेम. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात) ब्राँझ मिळवलं, तेही बिनस्कोपच्या रायफलने. मग वेगळ्या बंदुकीचं आणि क्लबचं बोलू.

या रविवारी पेन्सिलीच्या दोन रेघा ओढा, नॉबला हात न लावता दहा छर्रे मारा, आणि कागदाचा एक व रेघांचा एक असे दोन फोटो पाठवा. टेकू कशाचा होता तेही लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.